श्वासांची मोजणी आणि औषधाचा अधिकार

तान्ह्या मुलाला प्रतिजैविक द्यावे की देऊ नये, हा प्रश्न वरवर पाहता वैद्यकशास्त्राचा आहे. त्याच्या इतिहासात शिरल्यावर मात्र तो अधिकाराचा आणि काही अंशी भाषेचाही प्रश्न आहे असे ध्यानात येते. हा निर्णय कुणी घ्यायचा, कोणत्या खुणेवरून घ्यायचा, आणि ज्या रुग्णाला अजून बोलताच येत नाही त्याचे म्हणणे कुणी वाचायचे? साहित्य शिकवणाऱ्या आम्हां मंडळींना या विषयाकडे वळावेसे वाटले ते या शेवटच्या प्रश्नामुळे. 'काश्यपसंहिते'त वेदनाध्याय नावाचा एक अध्याय आहे. बोलू न शकणाऱ्या बालकाला काय होते आहे, हे त्याच्या चेष्टांवरून वैद्याने कसे ताडावे याचे विवेचन त्यात येते. बालरोगांच्या परंपरेत चिन्हवाचन इतके जुने आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या वाचनाचा अधिकार वैद्याकडून गावातल्या बाईकडे आला. त्या स्थित्यंतराचा महत्त्वाचा भाग महाराष्ट्रात घडला. त्याचा मागोवा आम्ही घेत आहोत तो नंदुरबार जिल्हा डोळ्यांसमोर ठेवून.

नंदुरबार हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला जिल्हा. २०११ च्या जनगणनेनुसार येथील सुमारे ६९ टक्के लोकसंख्या आदिवासी आहे. भिल्ल, पावरा, कोकणी, मावची अशा समाजांची आणि त्यांच्या बोलींची ही भूमी. तापीकाठचा शहादा-नंदुरबारचा सपाट प्रदेश आणि सातपुड्यातील अक्राणी-अक्कलकुवा यांत अंतर थोडे, पण एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात जाण्याचा काळ मोठा. नर्मदाकाठच्या काही पाड्यांवर सरदार सरोवराच्या पाण्यामुळे होडीवाचून पोचता येत नाही. २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका स्वतः होडी वल्हवत पलीकडच्या पाड्यांवरील बाळांची वजने घ्यायला जात, ही बातमी देशभर गेली होती. सप्टेंबर २०२१ मध्ये चांदसैली घाटात दरड कोसळून रस्ता बंद झाला, तेव्हा एक माणूस आजारी पत्नीला खांद्यावर घेऊन निघाला आणि ती वाटेतच गेली. अशा भूगोलात 'डॉक्टरांना दाखवा' हा सल्ला बरोबर असतो. तो वेळेत पाळता येतोच असे नाही. न्यूमोनिया झालेल्या तान्ह्या बाळाला तर एखाद-दोन दिवसांचाच अवधी मिळतो.

औषध नव्हते म्हणून मुले गेली, असे स्वातंत्र्योत्तर महाराष्ट्रापुरते म्हणता येणार नाही. १९५४ साली पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने उभा राहिला आणि पेनिसिलिन देशात तयार होऊ लागले. पिंपरीची बाटली शहरांतील रुग्णालयांत पोचली, तालुक्याच्या दवाखान्यांतही पोचली. पाड्यावर पोचली नाही, कारण ती देण्याचा अधिकार ज्याला होता तो माणूस पाड्यावर नव्हता. अधिकाराचा आधार होता छातीला लावलेली नळी आणि क्ष-किरणांचे चित्र. ही दोन्ही साधने वापरायला शिकलेला डॉक्टर लागतो. म्हणजे खूणच अशी निवडलेली होती की ती इतर कुणाला वाचता येऊ नये.

ही कोंडी फोडण्याचे प्रयत्न निरनिराळ्या ठिकाणी झाले. पंजाबातील नारंगवाल येथे कार्ल टेलर यांच्या प्रकल्पात १९६०-७० च्या दशकांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी मुलांच्या न्यूमोनियावर पेनिसिलिन देऊन पाहिले. जामखेडला १९७० पासून डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी निरक्षर स्त्रियांना गावाच्या आरोग्याची जबाबदारी दिली. पापुआ न्यू गिनीत फ्रँक शान आणि त्यांचे सहकारी खोकणाऱ्या मुलांची लक्षणे तपासत होते. न्यूमोनिया ओळखायला श्वासाची गती ही खूण फार उपयोगी पडते, हे त्यांच्या निरीक्षणांतून पुढे आले. जागतिक आरोग्य संघटनेने पुढे मर्यादा ठरवल्या: दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष वयात ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांत ४० किंवा अधिक असतील तर गती जलद समजावी. या तीन आकड्यांनी खुणेचे स्वरूपच पालटले. छातीतला आवाज ऐकायला प्रशिक्षित कान लागत होता. श्वास मोजायला लागतो एक मिनिट, शांत बसलेले मूल आणि मोजता येणे.

यातले 'मोजता येणे' सुद्धा गृहीत धरण्यासारखे नव्हते, हे गडचिरोलीत उघड झाले. गडचिरोली राज्याच्या पूर्व टोकाला आणि नंदुरबार वायव्य टोकाला. पण जंगल, आदिवासी वस्ती आणि दवाखान्यापासूनचे अंतर या बाबतींत दोघांचे दुःख एकच. म्हणून नंदुरबारच्या प्रश्नाचे उत्तर शोधताना गडचिरोलीच्या नोंदी पाहाव्या लागतात. 'माझा साक्षात्कारी हृदयरोग'चे लेखक डॉ. अभय बंग आणि 'गोईण'च्या लेखिका डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने तेथे एक क्षेत्रीय प्रयोग केला. ५८ गावांत (पाच वर्षांखालील ६,१७६ मुले) निमवैद्यकीय कार्यकर्ते, गावचे आरोग्यदूत आणि सुईणी यांनी न्यूमोनिया ओळखून को-ट्रायमोक्झाझोल हे साधे, स्वस्त औषध द्यायचे. ४४ गावांची (३,९४७ मुले) तुलनेसाठी नोंद ठेवायची. अनेक सुईणींना पन्नासपर्यंत अंक येत नव्हते. त्यांच्यासाठी एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांचे साधन बनवले गेले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. अक्षरओळखीची अट अशा रीतीने मण्यांनी दूर केली.

१९९० साली 'द लॅन्सेट' या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. औषध दिलेल्या ६१२ न्यूमोनियांत मृत्यूचे प्रमाण ०.८ टक्के होते. तुलनेच्या गावांत ते १३.५ टक्के, म्हणजे साताठ आजारी मुलांमागे एक, इतके होते. पाच वर्षांखालील मुलांचे न्यूमोनियाने होणारे मृत्यू दरहजारी १७.५ च्या तुलनेत ८.१ भरले. आकडे कोरडे वाटतात. त्यांचा अर्थ असा की, जो निर्णय डॉक्टरांवाचून घेणे धोक्याचे मानले जाई, तो निर्णय मण्यांवर श्वास मोजणाऱ्या सुईणीही सुरक्षितपणे घेऊ शकतात हे सिद्ध झाले.

पुढचा टप्पा नवजात बाळांचा होता आणि तो अधिक वादाचा होता. येथे औषध तोंडावाटे देऊन भागत नव्हते, जेंटामायसिनचे इंजेक्शन द्यायचे होते. जेमतेम शाळा शिकलेल्या गावातील स्त्रीच्या हाती तान्ह्या बाळासाठी सुई द्यावी का? ३९ गावांत ती दिली गेली. रडणे क्षीण होणे, अंगावर पिणे कमी होणे, हातपाय लुळे पडणे, अंग गार लागणे, पोट फुगणे, नाळेत पू होणे अशा लक्षणांपैकी काही एकत्र दिसली तर जंतुदोष समजायचा, असा नियम होता. यातले जवळजवळ प्रत्येक लक्षण आईच्या तोंडी आधीपासून होते. शास्त्राने ते ऐकले, जुळवले आणि त्याला निर्णयाचे बळ दिले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार प्रयोगाच्या गावांत नवजात मृत्युदर दरहजारी ६२ वरून तिसऱ्या वर्षी २५.५ वर आला. तुलनेच्या गावांत तो ५९.६ होता. आईच्या शब्दांना रोगनिदानाचा दर्जा मिळणे ही घटना भाषेच्या अभ्यासकांनीही नोंदवावी अशी आहे.

धोरणात हे उतरायला वेळ लागला. २००५ पासून 'आशा' कार्यकर्त्या आल्या, २०११ मध्ये घरोघरी नवजात काळजीची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे आली. २०१४ मध्ये परिचारिकांना रुग्णालयात पाठवण्यापूर्वी जेंटामायसिन देण्याची मुभा मिळाली आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये 'सांस' ही न्यूमोनियाविरोधी मोहीम सुरू झाली. मधल्या काळात को-ट्रायमोक्झाझोलची जागा अमॉक्सिसिलिनने घेतली. २०२१ पासून न्यूमोकोकसविरोधी लसही देशभरच्या नियमित लसीकरणात येऊ लागली.

येथवरचा इतिहास औषध पोचवण्याचा आहे. त्याची दुसरी बाजू औषध आवरण्याची आहे आणि ती टाळली तर लेखन एकांगी होईल. साधी सर्दी आणि बहुतेक खोकले विषाणूंमुळे होतात. त्यांवर प्रतिजैविकाचा काही परिणाम होत नाही. तरीही बाजारपेठेच्या गावांत नाक वाहणाऱ्या मुलासाठी पावडरमध्ये उकळून गार केलेले पाणी घालून बनवायची बाटली सहज मिळते. ताप उतरला की ती अर्धवट राहते आणि पुढच्या आजारात किंवा धाकट्या भावंडासाठी तीच पुन्हा काढली जाते. यातून मुलाला जुलाब होतात ते वेगळे. जंतू औषधाला सरावतात ही मोठी हानी. २०१४ मध्ये काही प्रतिजैविकांच्या विक्रीची स्वतंत्र नोंद सक्तीची झाली, २०१६ मध्ये औषधाच्या पाकिटावरील लाल रेघेचा अर्थ सांगणारी मोहीम निघाली. बाटलीची मागणी मात्र पालकांच्या काळजीतून येते आणि काळजीला सरकारी रेघ दिसत नाही.

मग श्वासांची मोजणी कितपत भरवशाची? कराचीच्या गरीब वस्त्यांत केवळ श्वास जलद असलेल्या, छाती आत न ओढली जाणाऱ्या मुलांवर एक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. अमॉक्सिसिलिन मिळालेल्यांपैकी २.६ टक्के मुलांवरील उपचार फसले, औषधविरहित द्रव मिळालेल्यांत ४.९ टक्के. म्हणजे एकाचा उपचार फसणे टाळण्यासाठी सुमारे ४४ मुलांना औषध द्यावे लागते. उरलेली ४३ मुले त्या औषधावाचूनही त्याच मुक्कामाला पोचली असती. दुसरीकडे नायजर, मलावी आणि टांझानियात आजारी-निरोगी असा भेद न करता सर्वच लहान मुलांना वर्षातून दोनदा अझिथ्रोमायसिन दिले गेले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात बालमृत्यू एकंदर १३.५ टक्क्यांनी घटले; पुढे त्या औषधाला दाद न देणारे जंतूही वाढलेले आढळले. एक प्रयोग सांगतो की आपण फार देतो आहोत. दुसरा सांगतो की जेथे मरण जवळ आहे तेथे सरसकट दिल्यानेही जीव वाचतात.

आमच्या मते हा विरोध अंतराचे माप लावल्यावर उलगडतो. कराचीतील मुले देखरेखीखाली होती. प्रकृती बिघडताच कुणीतरी ती पाहणार होते. शहाद्यात किंवा नंदुरबार शहरात आईला दोन-तीन दिवसांनी मूल पुन्हा दाखवता येते. तेथे श्वास मर्यादेत असतील, मूल पीत असेल, छाती आत ओढली जात नसेल, तर औषध न देता थांबणे हाच खरा उपचार होय. तोरणमाळच्या एखाद्या पाड्यावर, पावसाळ्यात, ही पुन्हा दाखवण्याची शक्यताच नसते. तेथे बावन्न श्वासांच्या आठ महिन्यांच्या बाळासाठी वाट पाहणे म्हणजे सोंगट्या टाकून पाहणे. त्रेचाळीस मुलांना कदाचित अनावश्यक औषध दिल्याचा दोष तेथे पत्करावा लागतो. जे मूल पीत नाही, झटके देते, गुंगीत आहे, त्याला तर पहिला डोस देऊन रुग्णालयाकडे न्यावेच लागते, मग झोळी करावी लागो की होडी.

म्हणून गावात मोजता येणारे माणूस असणे हे दोन्ही टोकांना उपकारक ठरते. तेच माणूस बाटली देते आणि तेच बाटली नाकारते. नाकारण्याचा अधिकार त्याला गावाने द्यायचा असेल, तर संकटात देण्यासाठी औषध त्याच्या पेटीत असायला हवे. रिकाम्या पेटीच्या कार्यकर्तीने 'औषधाची गरज नाही' म्हटले तर कोणती आई विश्वास ठेवील? आणि हे सांगणे पावरी, मावची किंवा भिलीत व्हायला हवे, कारण धाप लागणे, पोट उडणे, बाळ गार पडणे यांसाठी त्या आयांचे शब्द तिथेच आहेत. मेळघाटात पोट फुगलेल्या बाळाला तापलेल्या विळ्याचे चटके देतात, त्या 'डंबा' प्रथेची बातमी आली की आपण अंधश्रद्धेवर बोलतो. बाळाच्या पोटाकडे पाहून काहीतरी गंभीर आहे हे त्या घराने ओळखले होते, हे आपण विसरतो. खूण वाचलेली होती. उपाय तेवढा हाताशी नव्हता. आशाची पेटी पावसाळ्यापूर्वी भरलेली आहे का, हा प्रश्न ग्रामसभेत दरवर्षी विचारला गेला पाहिजे.