रविवारचा डोंगर



वसंतातल्या अशा संध्याकाळी व्याख्यानाला येणारा श्रोता दिवसाचे काम आटोपून येतो. आमच्यासारख्या कामगार-चळवळीत आयुष्य घालविलेल्या माणसाच्या ही गोष्ट आधी ध्यानात येते. सहा वाजता भोंगा होतो म्हणून सात वाजता सभा भरते. मोकळा वेळ आभाळातून पडत नाही. तो कोणीतरी कधीतरी भांडून मिळविलेला असतो. आज ज्या डोंगराविषयी आम्ही बोलणार आहोत त्याचा इतिहास हा मोकळ्या वेळाचा आणि मोकळ्या जागेचा इतिहास आहे. आमचे शिक्षण रात्रशाळेत आणि युनियनच्या कचेरीतल्या कपाटापुढे झाले. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा करू नये. जे पाहिले आणि वाचले ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी कामगार संघटनांच्या एका बैठकीसाठी आम्ही मँचेस्टरला गेलो होतो. बैठक शुक्रवारी संपली आणि परतीचे विमान सोमवारचे होते. तिथल्या एका वयस्क सहकाऱ्याने विचारले, "दोन दिवस काय करणार?" आम्ही म्हणालो, जुन्या कापडगिरण्या पाहू. तो हसून म्हणाला, "गिरण्या तुम्ही पुष्कळ पाहिल्या असतील. गिरणीतला माणूस रविवारी कुठे जात असे, ते मी दाखवतो."

शनिवारी दुपारी आगगाडीने निघालो ते तासाभराच्या आत ईडेल नावाच्या खेड्यात उतरलो. एका बाजूला मँचेस्टर, दुसऱ्या बाजूला पोलादाचे शहर शेफील्ड, आणि मधोमध हा डोंगराळ मुलूख. याचे नाव पीक डिस्ट्रिक्ट. ब्रिटनमधले हे पहिले राष्ट्रीय उद्यान, १७ एप्रिल १९५१ रोजी स्थापन झालेले. क्षेत्रफळ सुमारे ५५५ चौरस मैल. रविवारी सकाळी 'जेकबची शिडी' नावाची दगडी चढण चढून आम्ही किंडर स्काउटच्या पठारावर आलो. उंची ६३६ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या निम्म्याहूनही कमी. पण उंचीवरून डोंगराची किंमत करू नये. वर झाड नाही, घर नाही. काळी, मऊ, पाणी धरून ठेवणारी जमीन, हेदरची खुरटी झुडपे, आणि कडेला वाऱ्याने चित्रविचित्र आकाराला आणलेले वालुकाश्माचे धोंडे. पश्चिमेच्या कड्यावरून किंडर नदी सुमारे तीस मीटर खाली उडी घेते. त्या दिवशी वारा असा होता की पाणी खाली न जाता फवारा होऊन परत आमच्या तोंडावर येत होते. नाणेघाटातला पावसाळ्यातला उलटा धबधबा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे दृश्य अनोळखी वाटणार नाही. आम्हांला तर परदेशात घरचा माणूस भेटल्यासारखे झाले.

आता हा डोंगर कोणाचा होता ते पाहू. इंग्लंडात पूर्वी गावोगावी सामायिक माळराने होती. गुरे चारावी, सरपण आणावे, वाट तुडवावी, असा गावकऱ्यांचा रिवाज. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत पार्लमेंटने एकामागून एक कायदे करून ही राने कुंपणात घातली व खाजगी मालकीची करून टाकली. ज्यांची राने गेली त्यांतले पुष्कळजण गिरणीच्या दारात उभे राहिले. किंडरचा मोठा भाग ड्यूक ऑफ डेव्हनशायर यांच्या मालकीचा होता. तेथे ग्राऊस नावाचा, तित्तिराच्या जातीचा पक्षी राखीत. १२ ऑगस्टला शिकारीचा हंगाम सुरू होई. वर्षाचे मोजके दिवस मालक आणि त्यांचे पाहुणे बंदुका घेऊन येत. उरलेले सारे दिवस डोंगर रिकामा, आणि त्या रिकामेपणावर काठ्या घेतलेल्या रखवालदारांचा पहारा. जागोजागी पाट्या होत्या : आत शिराल तर खटला भरू. गंमत अशी की, नुसते आत शिरणे हा त्या देशात फौजदारी गुन्हाच नव्हता. मालकाने फार तर दिवाणी दावा लावावा. पाटी खोटी होती, काठी मात्र खरी होती.

दुसरीकडे गिरणीतला माणूस पाहा. १८५० च्या कायद्याने कापडगिरण्यांतल्या स्त्रिया व अल्पवयीन कामगार यांचे शनिवारचे काम दुपारी दोनला थांबले. त्यांच्यावाचून गिरणी चालेना, म्हणून पुरुषांनाही हळूहळू अर्धी सुटी मिळत गेली. सुटी मिळाली, पण जावे कुठे? घरी धूर, गल्लीत धूर, आणि क्षितिजावर निळा डोंगर. १९०० साली शेफील्डमध्ये जी. एच. बी. वॉर्ड या यंत्रकामगाराने समाजवादी मंडळींचा भटक्यांचा संघ काढला. त्यांची पहिली सहल याच किंडरच्या भोवती झाली. भोवती, वर नव्हे! १९३० च्या मंदीत बेकारी वाढली, तशी डोंगराकडे जाणाऱ्यांची रांगही वाढली. ज्याला काम नाही त्याला निदान चालता तरी येते.

आणि मग २४ एप्रिल १९३२ चा रविवार उजाडला. कामगारांच्या क्रीडासंघाचा स्थानिक चिटणीस बेनी रॉथमन हा वीस वर्षांचा बेकार मेकॅनिक. त्याने जाहीर केले की आम्ही किंडरवर चढणार. पोलीस मनाईहुकूम घेऊन त्याची स्टेशनवर वाट पाहत होते. हा पठ्ठ्या सायकलवरून हेफील्डला पोचला. गावाबाहेरच्या दगडखाणीत सुमारे चारशे तरुण-तरुणी जमल्या. ठरलेला वक्ता गर्दी पाहून मागे सरला, तेव्हा रॉथमनच एका खडकावर उभा राहून बोलला. मग सारे विल्यम क्लफ नावाच्या घळीतून वर निघाले. रखवालदार आडवे आले, झटापट झाली, एका रखवालदाराच्या घोट्याला दुखापत झाली. वर शेफील्डकडून आलेली तुकडी भेटली, जयघोष झाला, आणि मंडळी आल्या वाटेने गावात परतली. तेथे पोलीस उभे होते. सहाजणांना पकडले. जुलैमध्ये डर्बीच्या न्यायालयात खटला चालला. आत शिरणे हा गुन्हा नसल्यामुळे दंग्याचा व चिथावणीचा आरोप ठेवावा लागला. एकोणीस ते तेवीस या वयाच्या पाचजणांना दोन ते सहा महिन्यांच्या शिक्षा झाल्या. रॉथमनला चार महिने मिळाले.

आम्ही त्या घळीतूनच खाली उतरलो आणि त्या दगडखाणीत, स्मारकाच्या पाटीजवळ, बसून शिदोरी सोडली. आमचे गुडघे बोलत होते, पण मन त्याहून जास्त बोलत होते. कारण या कथेचा जो भाग समारंभात सांगितला जात नाही, तो आम्हांला ठाऊक होता. भटक्यांच्या जुन्या, प्रतिष्ठित संघटना या मोहिमेच्या विरुद्ध होत्या. त्यांचे म्हणणे असे की, आम्ही वर्षानुवर्षे अर्ज-विनंत्या करून मालकांची मने वळवीत आहो, आणि ही पोरे एका दिवसात सारे घालवतील. पुढे ज्यांनी २६८ मैलांची पेनाइन वाट मिळवून दिली, ते टॉम स्टीफन्सन यांनीही या मोहिमेचे फारसे कौतुक केले नाही. ते गरीब कामगार होते, पहिल्या महायुद्धात लढण्यास नकार देऊन तुरुंगात गेलेले. त्यांना भित्रा कोण म्हणेल? त्यांनी दाखवून दिले की, मोहिमेतली मंडळी पठाराच्या सर्वोच्च जागी पोचलीच नव्हती.

मग खरे कोणाचे? हा प्रश्न आम्हांला पुस्तकी वाटत नाही. आमच्या युनियनमध्येही एकदा कंत्राटी पोरांनी दाराशी बसायचे ठरविले, तेव्हा "बोलणी चालू आहेत, थांबा," असे सांगणारे आम्हीच होतो. बोलणी चालूच राहिली आणि दरम्यान पोरांच्या नोकऱ्या गेल्या. म्हणून रॉथमनविषयी बोलताना आमचा आवाज थोडा खाली येतो. पण इतिहास असे सांगतो की, दोघेही लागतात. त्या शिक्षांनी जी चीड आली तिच्यामुळे त्याच उन्हाळ्यात विनॅट्स खिंडीतल्या सभेला सुमारे दहा हजार माणसे लोटली. परंतु चिडीचा कायदा आपोआप होत नाही. डोंगर खुले करण्याचे पहिले विधेयक जेम्स ब्राइस यांनी १८८४ मध्ये मांडले होते. १९३९ मध्ये एक कायदा झाला, तर त्यात मालकपक्षाने इतक्या दुरुस्त्या घुसडल्या की भटक्यांनाच तो नकोसा झाला. दुसरे महायुद्ध संपल्यावर जॉन डावर यांचा १९४५ चा अहवाल, मग १९४७ ची हॉबहाउस समिती, आणि अखेर अ‍ॅटली यांच्या मजूर सरकारात लुइस सिल्किन यांनी केलेला १९४९ चा राष्ट्रीय उद्यानांचा कायदा. त्यानेही सर्वत्र फिरण्याचा हक्क दिला नाही. तो यावयास २००० साल उजाडले. २००२ मध्ये, मोहिमेला सत्तर वर्षे झाली तेव्हा, त्या वेळच्या ड्यूकनी आजोबांच्या काळात झालेल्या गोष्टीबद्दल जाहीर दिलगिरी व्यक्त केली. रॉथमन त्याच वर्षी जानेवारीत वारला होता.

आणखी एक गोष्ट पठारावर पाहिली. जागोजाग जमीन उघडी पडून काळे चर झाले होते, आणि त्यांत माणसे स्फॅग्नम नावाचे शेवाळ लावीत होती. सोबत्याने सांगितले की, हे शेवाळच पाणी धरते आणि जमीन बांधून ठेवते. शंभर-दीडशे वर्षे मँचेस्टरच्या चिमण्यांचा धूर वाऱ्याबरोबर येथे आला आणि त्याने ते मारले. आगी आणि मेंढ्या यांनी उरलेले काम केले. म्हणजे ज्या धुराने कामगाराची छाती पोखरली, त्यानेच त्याचा रविवारचा डोंगरही पोखरला होता.

आता घराकडे वळू. २४ एप्रिल ही तारीख आम्हां मुंबईकरांना परकी नाही. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची सभा भरविली. जवळजवळ दहा हजार माणसे जमली, दोन कामगार स्त्रियाही बोलल्या, आणि १० जूनला मालकांनी रविवारची सुटी मान्य केली. तारखांचा हा योगायोग आम्ही देवघरात ठेवणार नाही. पण लक्षात ठेवावयास सोपा आहे. लोखंड्यांनी वेळ मिळविला, रॉथमनने जागा मागितली. एकावाचून दुसरे लुळे आहे.

आणि आमची जागा? मुंबईच्या पोटात बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान आहे. कान्हेरीची लेणी आणि विहार-तुळशीचे तलाव त्यातच आहेत. रविवारी तेथे कामगारांची पोरे बागडतात, हे खरे. पण तेथेच पिढ्यान्‌पिढ्या राहणारे वारली पाडे आहेत, आणि १९९७ च्या न्यायालयीन आदेशानंतर तेथून हजारो झोपड्या उठविल्या गेल्या, हेही खरे. पीक डिस्ट्रिक्टमध्ये गावे, शेते, शाळा सारे उद्यानाच्या आत नांदते. आमच्या कायद्यात उद्यान म्हटले की माणूस बाहेर. वाघाबिबट्याला रान हवे, शहराला पाणी हवे, यात आम्हांला शंका नाही. पण एका देशात ज्या शब्दाने कामगाराला फाटक उघडले, त्याच शब्दाने दुसऱ्या देशात कामगाराचे छप्पर जावे, याचा विचार आपण केला पाहिजे.

ईडेलहून निघताना आमच्या मनात आले, आज आमच्या शहरात पाठीवर पेटी बांधून घरोघर जेवण पोचविणाऱ्या पोराला आठवड्याची पगारी सुटी नाही. त्याला डोंगर दाखवून काय उपयोग? आधी त्याचा रविवार त्याला परत मिळाला पाहिजे. मग डोंगर तो आपण होऊन शोधील.