मानवी पॅपिलोमा विषाणू व कर्करोग

मानवी पॅपिलोमा विषाणू व कर्करोग : त्वचा व श्लेष्मकला (शरीरातील पोकळ्यांचे ओलसर अस्तर) यांच्या कोशिकांत वाढणाऱ्या या विषाणूंचे दोनशेंहून अधिक प्रकार ज्ञात आहेत. पुष्कळांमुळे केवळ चामखिळी होतात, तर बहुतेक संसर्ग लक्षणांवाचून आपोआप नाहीसे होतात. मात्र १६ व १८ हे प्रकार गर्भाशय-ग्रीवेच्या (गर्भाशयाच्या तोंडाच्या) सु. ७०% कर्करोगांना कारणीभूत असतात. हा संबंध उलगडण्यास दीर्घ काळ लागला.

इटालियन वैद्य दोमेनीको रिगोनी-स्टेर्न यांनी व्हेरोना शहरातील १७६०–१८३९ या काळातील मृत्युनोंदी तपासून १८४२ मध्ये असे दाखविले की, गर्भाशयाचा कर्करोग विवाहित स्त्रियांच्या मानाने ख्रिस्ती जोगिणींत फार विरळ आढळतो. निरीक्षण मोलाचे होते; परंतु त्याचा अर्थ लावण्याचे साधन त्या काळी नव्हते. पुढे अस्वच्छता, अनेक बाळंतपणे यांसारखी कारणे सांगण्यात आली आणि रोगाबरोबर त्याचा दोषही बहुधा स्त्रीच्याच माथी येत राहिला.

दुसरा धागा चामखिळींचा. जूझेप्पे चूफो यांनी १९०७ मध्ये चामखिळीचा गाळलेला अर्क स्वतःच्या त्वचेत टोचून ती सूक्ष्मजंतूंहूनही लहान कारकामुळे होते, हे सिद्ध केले. रिचर्ड शोप यांना १९३३ मध्ये अमेरिकेतील रानसशांच्या चामखिळींत असाच विषाणू आढळला. पाळीव सशांत त्याच चामखिळींचे कर्करोगात रूपांतर होते, असे पेटन राउस व जोसेफ बिअर्ड यांनी १९३५ मध्ये दाखविले. विशेष म्हणजे अशा अर्बुदांतून जिवंत विषाणू सहसा हाती लागत नसे. माणसाच्या बाबतीत संशोधकांची दिशाभूल झाली ती नेमकी येथेच.

१९७० च्या सुमारास नागिणीच्या विषाणूशी नाते असलेल्या हर्पिस सिंप्लेक्स-२ या विषाणूवर संशय केंद्रित झाला होता. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ट त्सुर हाउझेन (१९३६–२०२३) यांना अर्बुदांत त्याचे डीएनए सापडेना. म्हणून त्यांनी चामखिळीच्या विषाणूकडे लक्ष वळविले. हा विषाणू प्रयोगशाळेत वाढविता येत नसल्याने त्याच्या डीएनएचाच शोध घ्यावा लागला. जननेंद्रियांवरील चामखिळींतून मिळालेल्या प्रकारांच्या आधारे त्यांच्या गटाने कर्करोगाच्या ऊतकातून १९८३ मध्ये १६ वा व १९८४ मध्ये १८ वा प्रकार वेगळा केला. बॉल्टिमोर येथे १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या रुग्ण स्त्रीच्या अर्बुदातून, तिच्या संमतीवाचून, घेतलेल्या ‘हेला’ कोशिकांतही १८ वा प्रकार आढळला. जगभरच्या प्रयोगशाळा तीस वर्षे हे डीएनए नकळत जोपासत होत्या.

विषाणूची ई-६ व ई-७ ही प्रथिने कोशिकेच्या वाढीस आवर घालणारी अनुक्रमे पी-५३ व आरबी ही प्रथिने निष्प्रभ करतात, हे १९९० च्या सुमारास स्पष्ट झाले. संसर्ग अनेक वर्षे टिकून राहिल्यासच कर्करोगाचा धोका वाढतो. त्सुर हाउझेन यांना २००८ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. ऑस्ट्रेलियात इअन फ्रेझर व ज्यान जो यांनी १९९१ मध्ये विषाणूचे पोकळ कवच तयार केले. अशा कवचांवर आधारलेली लस २००६ पासून वापरात आली. पुण्यात तयार झालेल्या लशीला २०२२ मध्ये परवानगी मिळाली.

या ज्ञानाची एक महत्त्वाची कसोटी महाराष्ट्रात झाली. उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातील ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ ग्रामीण स्त्रियांचा अभ्यास १९९९ मध्ये सुरू झाला. चार गटांपैकी एका गटात विषाणूच्या डीएनएची चाचणी एकदाच केली गेली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या गटात गर्भाशय-ग्रीवेच्या कर्करोगाने ३४, तर नियंत्रण गटात ६४ स्त्रिया दगावल्या. नियंत्रण गटातील स्त्रियांची तपासणी न करण्यावर पुढे नैतिक दृष्ट्या टीका झाली, आणि ती अनाठायी म्हणता येत नाही.