भाजी शोभत नाही?

परवा सोसायटीच्या मीटिंगमध्ये विचारलं, लॉनच्या कडेला शेवंतीबरोबर चार वांगी-मिरच्या लावू का? उत्तर आलं, "अहो, पुढच्या बाजूला भाजी शोभत नाही!" आता हे ठरवलं कोणी? सगळा वीकएन्ड त्यातच गेला.

फ्रान्समध्ये ल्वार नदीच्या खोऱ्यात विलांद्री नावाचा मोठा वाडा आहे. तिथली जुनी आखीव बाग १९व्या शतकात मोडून इंग्रजी पद्धतीचं पार्क केलं होतं. १९०६ साली जोआकिम कार्वालो हा स्पॅनिश डॉक्टर आणि त्याची अमेरिकन बायको ॲन कोलमन यांनी वाडा विकत घेतला. पठ्ठ्याने संशोधन सोडलं आणि बागेचा चक्क रोलबॅक केला, थेट १६व्या शतकापर्यंत!

भाजीची बाग लपवली नाही, उलट मिरवली. नऊ सारखे चौकोन, प्रत्येकाची नक्षी वेगळी. कोबी, बीट, गाजर रंग बघून लावायचे, मधे गुलाब, कडेला बुटकं हिरवं कुंपण. वर्षातून दोनदा सगळी लागवड नवी. आज लोक तिकीट काढून तिथला कोबी बघतात, बोला!

म्हणजे 'शोभत नाही' हा काही निसर्गनियम नाही. ती फॅशन आहे, आणि फॅशन बदलता येते. आपल्याकडे तरी काय होतं? आजीच्या परसात मोरीच्या पाण्यावर अळू आणि कर्दळ शेजारी-शेजारीच वाढायची. कमिटी नव्हती ना!

असो. पुढच्या मीटिंगला नऊ चौकोन मागणार नाहीये. एक वाफा द्या, बास.