दुर्गाघाटावरील शंका

इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस निघालेले विनायक नरहरी भावे मार्च १९१६ मध्ये सुरतेस उतरले आणि थेट काशीस गेले. दुर्गाघाटावर बिऱ्हाड, अन्नछत्रात भोजन व तेथील दोन पैशांच्या दक्षिणेवर निर्वाह, असा त्यांचा क्रम होता. मनाला ओढ मात्र दोन दिशांची होती: हिमालयातील शांतीची आणि बंगालमधील क्रांतीची.

फेब्रुवारीत हिंदू विश्वविद्यालयाच्या समारंभात संस्थानिकांसमक्ष गांधीजींनी केलेल्या निर्भीड भाषणाची चर्चा काशीत अद्याप शमली नव्हती. विनायकरावांनी अहिंसेविषयीच्या आपल्या शंका गांधीजींना पत्राने कळविल्या. उत्तर आले, त्यावर नव्या शंका गेल्या. अशा प्रश्नांचा उलगडा पत्रांनी होत नाही, तो आश्रमात राहून, जीवनातूनच होतो, असे गांधीजींनी कळविले. ७ जून १९१६ रोजी कोचरब आश्रमात उभयतांची भेट झाली. शांती आणि क्रांती त्यांना एकत्र गवसली.

हेच पुढे विनोबा झाले. १९४० मध्ये ते पहिले वैयक्तिक सत्याग्रही ठरले. १९५१ मध्ये पोचमपल्लीत भूदानाचा उगम झाला. त्यांची अहिंसा ऐकीव नव्हती. ती आधी शंकेच्या कसोटीस उतरली आणि मग आचरणात आली. विद्येचा मार्गही याहून वेगळा नाही.