किर्लोस्करांचा लोखंडी नांगर सुरुवातीला का विकला गेला नाही?

माल दणकट असला की तो आपोआप खपतो, असं म्हणतात. किर्लोस्करांच्या नांगराच्या बाबतीत तसं झालं नाही.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सुरू केलेला धंदा सायकलींचा होता. लक्ष्मणराव मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायचे आणि तिथून सायकली पाठवायचे. बेळगावात भाऊ रामूअण्णा त्या विकायचे, वर चालवायलाही शिकवायचे. सायकल तेव्हा नवलाची वस्तू. शिकवणारा नसता तर घेतली कोणी असती?

पुढे कडबा कापायचं यंत्र आलं आणि १९०३ मध्ये लोखंडी नांगर. लाकडी नांगर माती नुसती फाडतो, लोखंडी नांगर ती उलथवतो. कृष्णाकाठच्या काळ्या, चिवट रानात हा फरक मोठा होता. तरी पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली! लोखंडामुळे जमिनीत विष भिनतं, अशी शेतकऱ्यांची समजूत होती.

याला अंधश्रद्धा म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण शेतकऱ्याच्या बाजूनेही बघायला हवं. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार बलुत्यावर, म्हणजे वर्षाच्या धान्यावर, दुरुस्त करून द्यायचा. लोखंडी नांगराला रोख पैसे मोजायचे आणि फाळ झिजला तर जायचं कुठे? नांगर कितीही चांगला असला, तरी आधी या शंका कोणीतरी फेडायला हव्या होत्या. सायकलीच्या वेळी ते काम रामूअण्णांनी केलं होतं.

१९१० मध्ये औंध संस्थानने कुंडल स्टेशनजवळ जागा दिली आणि माळावर किर्लोस्करवाडी वसली. आज ती सांगली जिल्ह्यात येते.  तोवर नांगराला गिऱ्हाईक मिळू लागलं होतं.

गिऱ्हाइकाशी बोलत राहायची पक्की सोय मात्र १९२० मध्ये झाली. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव हे चित्रकार. त्यांनी कारखान्याच्या मालाची माहिती देणारं 'किर्लोस्कर खबर' काढलं. त्याचंच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झालं. मग १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' निघालं. नांगर कधी न धरलेल्या घरांतही ही मासिकं वाचली जाऊ लागली.