चित्राची भाषा आणि आपले बंगळूर

शाळेत गेल्यावर मुले आम्हास पहिला प्रश्न विचारतात तो हा, की ही चित्रे तुम्ही हाताने काढता, की यंत्र काढते? दुसरा प्रश्न मोबदल्याचा असतो. तो वर्गशिक्षिका हसण्यावारी नेतात व आम्हीही नेऊ देतो.

मंडळाच्या स्मरणिकेत बंगळूरविषयी लिहावयाचे म्हणजे शहाजीराजांच्या जहागिरीपासून आरंभ करावयाचा, अशी आपल्याकडे रीत आहे, आणि ती योग्यच आहे. परंतु बालपुस्तकांसाठी चित्रे काढण्यात आणि ती पुस्तके घेऊन शाळाशाळांतून हिंडण्यात आमची बरीच वर्षे या शहरात गेली. त्यामुळे आम्हास येथला दुसरा एक लहानसा इतिहास सांगावासा वाटतो.

परप्रांतात वाढलेल्या आपल्या दोन पिढ्यांना ‘चांदोबा’ आठवत असेल. ते मासिक पुण्यामुंबईचे नव्हे, मद्रासचे. ‘चंदामामा’ या नावाने १९४७ च्या जुलैत ते तेलुगू व तमिळ भाषांत निघाले. १९४९ मध्ये कन्नड आवृत्ती आली आणि १९५२ मध्ये आपली मराठी. खांद्यावर प्रेत घेऊन, तरवार उपसून चालणारा विक्रमराजा ज्यांनी काढला ते शंकर याच सुमारास तेथे रुजू झाले. म्हणजे शेजारच्या कानडी घरातील मूल आणि आपले मूल एकच विक्रम पाहत होते; गोष्ट तेवढी दोन लिप्यांत होती. ते मासिक आता बंद पडले आहे, पण त्याने दाखवून दिलेली युक्ती पुढे पुष्कळांनी वापरली.

ती युक्ती बंगळुरात १९६५ साली वेगळ्या रीतीने फळास आली. ‘अमर चित्र कथा’ हे नाव ऐकताच आपणास मुंबई आठवते. परंतु तिची पहिली दहा पुस्तके कन्नड भाषेत निघाली होती. इंडिया बुक हाऊसच्या येथील शाखेचे जी. के. अनंतराम यांनी त्याचा पाठपुरावा केला. त्या दहांत कृष्ण नव्हता, राम नव्हता. सिंड्रेला होती, घेवड्याच्या वेलावर चढणारा जॅक होता! पुस्तके खपली आणि मुंबईच्या कचेरीचे धैर्य वाढले. पुढे कारकळचे अनंत पै यांच्या हाती ती माला आली, आणि इंग्रजी पुस्तकांचा क्रम अकराव्या अंकापासून सुरू झाला, कारण आधीचे दहा आकडे कन्नडने घेतले होते.

तो अकरावा अंक ‘कृष्ण’, आणि त्याची चित्रे राम वाईरकरांची. पैशाच्या ओढीमुळे आरंभीची पुस्तके पिवळ्या, निळ्या व हिरव्या रंगांतच छापली जात. लाल नाही म्हटल्यावर चित्रकारापुढे काय उरते, हे ज्याने कुंचला हाती धरला आहे त्यालाच उमगेल. १९८० मध्ये निघालेल्या ‘टिंकल’मधील सुप्पंडीही याच वाईरकरांच्या हातचा. तमिळ लोककथेतला भोळसट गडी, मराठी चित्रकाराने रेखाटलेला, इंग्रजीत बोलणारा. बंगळूरच्या मुलांना तो परका वाटला नाही यात नवल ते काय! प्रताप मुळीक, दिलीप कदम, शिकारी शंभूचे वसंत हळबे ही नावेही येथल्या मराठी घरांत किती जणांना ठाऊक आहेत? चित्रे सर्वांना ठाऊक आहेत. आमच्या स्वतःच्या पहिल्या पुस्तकावर एका प्रकाशकाने आमचे नाव घालण्याचे विसरून टाकले होते, तेव्हा हा प्रश्न आम्ही अगदी निःस्वार्थ बुद्धीने विचारत आहोत असे नाही.

१९७८ साली दिल्लीत शालेय शिक्षणातील चित्रकथेच्या स्थानावर परिसंवाद झाला. चित्रकथा म्हणजे अभ्यासाची नासाडी, असे मानणारे गुरुजन तेव्हा होते, आजही आहेत. तरीही दार थोडे उघडले, म्हणूनच आमच्यासारख्यांना वर्गात पाऊल टाकता येते.

२००४ मध्ये येथे ‘प्रथम बुक्स’ ही संस्था स्थापन झाली, आणि २०१५ पासून तिच्या ‘स्टोरीवीव्हर’वर चित्रपुस्तके कोणासही विनामूल्य वाचता व आपल्या भाषेत उतरविता येऊ लागली. अनेक भाषांत जाणाऱ्या पुस्तकाची चित्रे काढताना काही पथ्ये पाळावी लागतात. दुकानाच्या पाटीवर अक्षर काढावयाचे नाही. मजकुरासाठी आकाश किंवा भिंत मोकळी सोडावयाची, तीही सढळ हाताने, कारण एका भाषेत दोन ओळींत मावलेले वाक्य दुसरीत तीन ओळी मागते. छापखान्यात रंगांच्या प्लेटा त्याच राहतात, अक्षरांसाठी काळ्या शाईची प्लेट तेवढी बदलते. शाळेत आम्ही हे सांगतो तेव्हा मुले मन लावून ऐकतात; चित्रकलेवरच्या आमच्या व्याख्यानाला मात्र जांभया येतात.

मध्यंतरी शहराच्या जुन्या भागातील एका शाळेत आम्ही मजकूर हाताने झाकून एक चित्र दाखविले. म्हातारी दळीत बसली होती. हे काय आहे, असे विचारताच ‘बीसो कल्लु’ असा एकच गलबला झाला. एकाने ‘तिरगली’ म्हटले. तो तेलुगू घरचा. मग मागल्या बाकावरून, जवळजवळ स्वतःशीच, एक मुलगी म्हणाली, “जातं.” शिक्षिकेने वळून पाहिले. ती मुलगी घरी मराठी बोलते हे त्यांना तोवर ठाऊक नव्हते. तिच्या घराण्याला बंगळुरात येऊन किती पिढ्या झाल्या हे तिलाही सांगता येईना; देवनागरी तिला लिहिता येत नव्हती, आणि आजी सोडून घरात कोणी वाचीतही नव्हते.

तास संपल्यावर ती वही घेऊन आली. चित्र काढून हवे असेल असे समजून आम्ही पेन्सिल उचलली. पण तिला तो शब्द हवा होता, आजीला दाखवावयास. आम्ही ‘जातं’ असे मोठ्या अक्षरांत लिहून दिले. तिने अक्षरे निरखून पाहिली, त्यांखाली कन्नडमध्ये तोच शब्द लिहिला, आणि शेजारी दोन वाटोळे दगड व एक खुंटा काढला. खुंटा जरा वाकडा आला होता. तो आम्ही तसाच राहू दिला.