कमरेतून वाका

सन 1545. उन्हाळा सरत आलाय. लंडनच्या ईशान्येला, एपिंगच्या जंगलात, चिंगफर्डजवळ तुम्ही उभे आहात. समोर ओकच्या दणकट तुळयांची तीन मजली इमारत. आठव्या हेन्रीनं बांधून घेतलेली ही वास्तू 1543 मध्ये पुरी झाली. तिला ग्रेट स्टँडिंग म्हणतात. वरचे मजले चारी बाजूंनी उघडे, पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून जमिनीला किंचित उतार. थोडक्यात मचाणच, फक्त राजाला शोभेल असं. राजा आता 54 वर्षांचा आहे, देह सुटलाय, पायाची जखम भरत नाही. हरणांमागे दिवसभर घोडा पिटाळण्याचे दिवस गेले.

रुंद जिन्यानं वर या. कुत्री आणि हाकारे फॅलो हरणं इकडेच काढणार, वरच्यांनी फक्त बाण सोडायचे. याला शिकार म्हणावं का, हे मनात ठेवा. राजाच्या पाहुण्यांमध्ये असं काही विचारायचं नसतं.

धनुष्य हातात घ्या. यू लाकडाचं, तुमच्याहून उंच. पोटाकडची बाजू गर्द, बाहेरची फिकट. गर्द लाकूड दाब सोसतं, फिकट ताण. गेल्याच महिन्यात, 19 जुलैला, ‘मेरी रोझ’ ही युद्धनौका अशा धनुष्यांसकट बुडाली. तिच्यावरची धनुष्यं ओढणं तुमच्या आवाक्यातलं नाही. तुम्हाला दिलंय ते हलकं आहे.

केंब्रिजच्या रॉजर अॅस्कमनं याच वर्षी ‘टॉक्सोफिलस’ हे तिरंदाजीवरचं पुस्तक राजाला अर्पण केलं आणि वर्षाला दहा पौंडांची नेमणूक मिळवली. त्यानं पाच गोष्टी सांगितल्यात: उभं राहणं, बाण लावणं, ओढणं, रोखून धरणं, सोडणं. मैदानावर सराव केलेला माणूस इथं वर येऊन चुकतो तो पहिल्याच गोष्टीत.

हाकाऱ्यांचा गलका जवळ येतोय. झाडीतून एक नर बाहेर येतो. बाणाची खाच दोरीत बसवा. वेगळ्या रंगाचं पीस धनुष्यापासून बाहेरच्या बाजूला. आता मोह होईल तो धनुष्याचा हात तेवढा खाली नेण्याचा. तसं केलंत की खांद्यांची रेघ मोडते, ओढ आखूड होते, दोरी कानापर्यंत येत नाही आणि नेम हुकतो. तेव्हा आधी जमिनीवर उभे असल्यासारखं सरळ ओढा, दोरी कानाशी येऊ द्या. मग कमरेतून वाका. दोन्ही हात, खांदे, डोकं, सगळं एकसंध खाली झुकलं पाहिजे. धनुष्याचं खालचं टोक कठड्यावर आपटेल, म्हणून ते थोडं तिरकं धरा. त्याकडे दुर्लक्ष केलंत तर बाण भलतीकडे जाईल आणि मनगटाला झटका बसेल तो वेगळाच.

अंतराचा घोळ मात्र वाटतो तेवढा नाही. तुम्ही सहा मीटर उंच आणि हरीण इमारतीच्या पायथ्यापासून वीस मीटरवर असेल, तर तिरकं अंतर एकवीस मीटरही भरत नाही. बाण किती खाली पडणार, हे साधारण त्या आडव्या वीस मीटरवरूनच ठरतं. (न्यूटन जन्मायला अजून शतकभर आहे, इथले तिरंदाज हे सरावानं जाणतात.) आजच्या अमेरिकेतले, झाडावर बसून धनुष्यानं शिकार करणारेही कमरेतूनच वाकतात. त्यांच्या अंगाला फक्त झाडाशी बांधलेला पट्टा असतो, कारण तिथला मोठा धोका पडण्याचा असतो.

बाण कुठं लागेल यापेक्षा पलीकडून कुठं निघेल ते बघा. वरून आलेला बाण खांद्यामागे थोडा वर शिरून छातीच्या खालच्या भागातून बाहेर पडला, तर दोन्ही फुप्फुसं भेदली जातात. हरीण अगदी पायाखाली आलं असेल तर सोडून द्या. एकच फुप्फुस सापडतं आणि जनावर तडफडत दूर जातं. हे आलंय ते आडवं, नीट अंतरावर. नजर हरणावर, बाणावर नाही. रोखणं क्षणभर, बोटं सैल. काही उड्यांतच ते कोसळतं.

1589 मध्ये एलिझाबेथ राणीनं ही इमारत दुरुस्त करून घेतली. आता ती राणीच्याच नावानं ओळखली जाते. उघड्या बाजू पुढे भरून घेतल्या गेल्या. आत संग्रहालय आहे. लंडनला गेलात तर चिंगफर्ड स्टेशनवरून चालत जाता येतं. वर चढून बाहेर नक्की बघा. बाणानं हरीण मारणं मात्र आज इंग्लंडमध्ये गुन्हा आहे.